नवे घ्यावे की वापरलेले?
घरच्या होम थिएटरच्या खरेदीविषयी एका धान्यव्यापाऱ्याचे विचार

धान्याच्या व्यापारात ‘नवा’ हा शब्द नेहमीच स्तुतीचा नसतो आणि ‘जुना’ हा शब्द नेहमीच निंदेचा नसतो. नव्या हंगामाचा तांदूळ शिजवला तर भात चिकट होतो; तोच तांदूळ कोरड्या कोठारात वर्ष-दोन वर्षे राहिला म्हणजे त्याचे शीत न् शीत मोकळे होते आणि गिऱ्हाईक त्याला चार पैसे अधिक देते. उलटपक्षी बाजरीचे पीठ पाहावे. बाजरीत स्निग्धांश अधिक; त्यामुळे दळून ठेवलेले पीठ थोड्याच दिवसांत कडू पडते आणि मग ते कितीही स्वस्त मिळाले तरी घरात आणण्याच्या लायकीचे राहत नाही. म्हणून कोणी ‘जुना माल घ्यावा काय?’ असे विचारले, तर आमच्या धंद्यातील माणूस प्रथम उलट विचारतो, ‘माल कोणता?’

गेल्या काही वर्षांत हाच प्रश्न एका अगदी निराळ्या वस्तूसंबंधाने आमच्या सभासदांच्या घरोघरी निघू लागला आहे. अडाजण, पाल, वेसू या बाजूंस नवी घरे झाली, दिवाणखाने मोठे झाले, भिंतीवर मोठा टेलिव्हिजन आला. आणि त्या चित्रास साजेसा ध्वनी असावा म्हणून होम थिएटर घेण्याची हौस तरुण मंडळींना वाटू लागली. ती गैर आहे असे आम्ही मानीत नाही. ज्या यंत्रावर नातवंडे चित्रपट पाहतात, त्याच यंत्रावर पर्युषणात आजी स्तवने ऐकते आणि घरातील वडीलधारी मंडळी प्रवचन ऐकतात. परंतु किमती पाहिल्या म्हणजे मतभेद सुरू होतो. एक म्हणतो, ‘नवे कोरे घ्या, चिंता नको.’ दुसरा म्हणतो, ‘तेच अर्ध्या किमतीत वापरलेले मिळते, पैसे का घालवता?’ दोघेही काही अंशी खरे बोलतात. पण दोघांनीही पोत्याचे तोंड उघडून आत काय काय आहे ते पाहिलेले नसते. आत पाच-सहा निरनिराळ्या जातींचा माल भरलेला असतो आणि प्रत्येक जातीचे आयुष्य निराळे असते. तेवढेच या लेखात दाखवावयाचे आहे.

संच म्हणजे काय

ज्याला ५.१ म्हणतात त्या संचात पाच स्पीकर असतात: समोर डावा व उजवा, त्यांच्या मध्ये संवादांसाठी एक, आणि श्रोत्याच्या बाजूस वा मागे दोन. पुढील ‘.१’ म्हणजे केवळ घनगंभीर स्वरांसाठी असलेला सबवूफर. या सर्वांना चालविणारी पेटी म्हणजे रिसीव्हर. टेलिव्हिजनकडून किंवा तबकडीकडून आलेला सांकेतिक ध्वनी उलगडणे, तो योग्य त्या स्पीकरकडे वाटून देणे आणि त्यास बळ देणे, अशी तीन कामे ती एकटी करते. आमच्या भाषेत सांगावयाचे तर रिसीव्हर हा अडत्या होय. आलेला माल ओळखून, तोलून, ज्याचा त्यास पोहोचविणारा. स्पीकर हे केवळ वाहक. आता यांपैकी तांदळासारखे कोण आणि पिठासारखे कोण, ते पाहू.

जुन्या तांदळाप्रमाणे : स्पीकर

कागदी वा कापडी शंकू, त्यास जोडलेले तारेचे वेटोळे आणि भोवती लोहचुंबक, अशी आजच्या बहुतेक स्पीकरची घडण आहे. अमेरिकेत १९२५ साली राइस व केलॉग या दोन अभियंत्यांनी या रचनेवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या दोघांपैकी एकाच्या आडनावाचा अर्थच ‘तांदूळ’ असावा, हा एक गमतीचा योगायोग! शंभर वर्षे लोटली, कारागिरी सुधारली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला स्पीकर आजच्या कोणत्याही यंत्रास जोडता येतो. त्याला दोन तारा लागतात, अधिक काही नाही. त्यात न बिघडणारे भाग पुष्कळ आणि बिघडणारे थोडे. आणि जे बिघडतात ते डोळ्यांस दिसतात व हातास लागतात.

त्यांत पहिली गोष्ट शंकूभोवतीच्या कडेची. ती कड फोमची असेल तर दहा ते वीस वर्षांत, विशेषतः दमट हवेत, तिचा भुगा होतो. बोट हलकेच लावले तरी ती तुटते. कड रबराची वा कापडाची असेल तर पुष्कळ अधिक टिकते. फोमची कड नवी बसवून मिळते आणि त्याचा खर्च स्पीकरच्या किमतीच्या मानाने थोडा असतो. दुसरी गोष्ट पेटीची. बहुतेक पेट्या लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांच्या असतात. त्यांना पाणी लागले तर त्या फुगतात आणि पुन्हा कधी सरळ होत नाहीत. तिसरी गोष्ट आतील वेटोळ्याची. शंकू दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच आत दाबावा. खरखर घासल्याचा आवाज आला तर वेटोळे जळून फुगले आहे वा जागचे सरकले आहे असे समजून तो नग सोडावा. एवढ्या तीन परीक्षांत उतरलेला, नामवंत कारखान्याचा वापरलेला स्पीकर घेणे म्हणजे जुना कोलम घेण्यासारखे आहे. गुण तोच राहतो, भाव मात्र जवळपास निम्मा पडतो.

एक पथ्य मात्र पाळावे. समोरचे तीन स्पीकर एकाच कारखान्याच्या एकाच मालिकेतील असावेत. नाहीतर बोलणारे पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेले की त्याचा आवाजही बदलतो. तीन वानगींची भेसळ इथेही चालत नाही.

बाजरीच्या पिठाप्रमाणे : रिसीव्हर

रिसीव्हरचे तसे नाही. तो आतून झिजतो त्यापेक्षा बाहेरचे जग बदलल्यामुळे अधिक लवकर जुना होतो. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल १९९२ साली आले आणि पुढे डीव्हीडीबरोबर घराघरांत पोहोचले. डोक्यावरून ध्वनी आणणारी डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत चित्रपटगृहांत २०१२ साली आणि घरगुती रिसीव्हरांत २०१४ साली आली. चित्र व ध्वनी एकाच तारेतून नेणारी एचडीएमआय ही जोडणीही स्थिर राहिली नाही. तिच्या २००९ च्या आवृत्तीत टेलिव्हिजनचा ध्वनी त्याच तारेने रिसीव्हरकडे परत आणण्याची सोय झाली. २०१३ च्या आवृत्तीत फोर-के चित्र दर सेकंदास साठ चौकटींच्या वेगाने जाऊ लागले. २०१७ ची आवृत्ती त्याच्याही पुढे गेली. शिवाय चित्राची नक्कल होऊ नये म्हणून घातलेली संरक्षक कुलुपेही वेळोवेळी बदलली. परिणामी २०१० चा रिसीव्हर अगदी धडधाकट असला, तरी आजच्या टेलिव्हिजनचे चित्र त्यातून जाईलच असे नाही.

यावर एक तोड आहे, तीही सांगून ठेवतो. चित्राची तार थेट टेलिव्हिजनला जोडावी आणि टेलिव्हिजनचा ध्वनी तेवढा ऑप्टिकल तारेने जुन्या रिसीव्हरकडे आणावा. साधे डॉल्बी डिजिटल या मार्गाने नीट मिळते. ॲटमॉस मात्र मिळत नाही. ज्यांना बातम्या, संगीत, प्रवचन आणि अधूनमधून एखादा चित्रपट एवढेच पाहावयाचे आहे, त्यांचे यात काही अडणार नाही.

आतील झीज हेही दुसरे कारण आहेच. रिसीव्हरच्या पोटात विद्युत्‌संचय करणारी कॅपॅसिटर नावाची लहान लहान नळकांडी असतात. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. उष्णता दहा अंशांनी वाढली तर आयुष्य निम्मे होते, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आपल्याकडे अशी यंत्रे शोभेसाठी काचेच्या बंद कपाटात ठेवण्याची चाल आहे. सुरतेचा उन्हाळा, त्यात बंद कपाट, त्यात स्वतः तापणारे यंत्र. मग पाच वर्षांचे यंत्र दहा वर्षांचे होण्यास काय उशीर? एचडीएमआयचा फलक बिघडला तर दुरुस्तीसाठी नवा फलकच लागतो आणि जुन्या नमुन्याचा फलक पुष्कळदा मिळत नाही. कारखानाही कायम राहील असा भरवसा नाही. या क्षेत्रातील ऑन्क्यो हे जपानी नाव एके काळी मोठे होते. त्या घराण्याच्या कंपनीने २०२२ साली दिवाळे काढले आणि ते नाव आता दुसऱ्यांच्या हाती आहे. म्हणून रिसीव्हर शक्य तो नवा, बिलासह, भारतात चालणाऱ्या हमीसह घ्यावा. वापरलेलाच घेणे असेल तर चार-पाच वर्षांहून जुना घेऊ नये आणि किंमत अशी द्यावी की उद्या तो बंद पडला तरी जिवाला लागू नये.

मधला माल

सबवूफर या दोहोंच्या मधोमध येतो. त्याची पेटी व शंकू तांदळाच्या जातीचे. पण त्याच्या पाठीत स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, तो पिठाच्या जातीचा. पुष्कळ घरांत त्याचे बटण वर्षानुवर्षे बंद केलेले नसते, त्यामुळे तो भाग सतत तापून थकतो. वापरलेला सबवूफर तासभर चालवून पाहावा. काही न वाजवताही तो ‘घूं’ असा आवाज करीत असेल तर त्यास हात लावू नये.

ज्यात तबकडीयंत्र, ॲम्प्लिफायर व पाच लहान डब्या एकाच खोक्यात येत, असे संच २००० नंतरच्या काळात आपल्याकडे फार खपले. ते वापरलेले घेऊ नयेत. त्यांचे जोड स्वतंत्र घडणीचे असतात व पुष्कळदा त्यांचे स्पीकर दुसऱ्या रिसीव्हरला मानवत नाहीत. एक भाग गेला की सगळा संच भंगारात. टेलिव्हिजनखाली ठेवावयाच्या साउंडबारलाही हाच न्याय लागू आहे. तो घ्यावयाचा तर नवाच घ्यावा.

सुरतेचे पाणी

जुन्या मालाच्या बाबतीत आपल्या गावाचा एक खास प्रश्न आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख घनफूट प्रतिसेकंद या वेगाने पाणी सुटले आणि सुरतेचा फार मोठा भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. अडाजण, रांदेर, नानपुरा या भागांतील तळमजले बुडाले. १९६८ चा पूर पाहिलेली माणसेही त्या वेळी हबकली होती. धान्याच्या व्यापाऱ्याला भिजलेल्या मालाची ओळख पटवून द्यावी लागत नाही. पोते वरून वाळवले तरी आतला दाणा काळा पडतो आणि वास लपत नाही. यंत्राचेही तसेच आहे. त्या काळातील वा त्याआधीचा स्पीकर कोणी दाखविला तर पेटीच्या तळाशी व पाठीमागे पाहावे. खालची कड फुगलेली आहे काय, स्क्रूंना गंज आहे काय, आतील कापसास कुबट वास येतो काय, कोपऱ्यांत गाळाची रेघ आहे काय, हे सारे विजेरी घेऊन तपासावे. पूर नसला तरी समुद्राकडील दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा आपले काम करीतच असतात. तांब्याचे जोड हिरवे पडलेले दिसले की समजावे, यंत्र बंद घरात पडून होते.

आणखी एक सूचना श्रावकांच्या घरास अनुसरून करतो. उबदार यंत्रात झुरळे, मुंग्या व पाली आसरा घेतात. जुने यंत्र घरी आणल्यावर वीज जोडण्यापूर्वी कारागिराकडून झाकण उघडवावे आणि मऊ कुंचल्याने, जीवजंतूंस इजा न होईल अशा रीतीने साफ करवावे. त्यात जीवदयाही साधते आणि यंत्रही जळत नाही.

वानगी कशी काढावी

आम्ही पोते विकत घेताना वरची मूठ पाहून भाव ठरवीत नाही. सळई खुपसून मधला व तळचा दाणा काढतो. यंत्राची वानगीही तशीच काढावी. विकणाऱ्याच्या घरी दिवसा उजेडी जावे, बरोबर एखादा जाणकार असावा आणि आपल्या कानांस पूर्ण परिचित असे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. स्फोटांचे आणि मोटारींच्या पाठलागांचे दृश्य दाखविण्याचा आग्रह विकणारा करील. त्याने काही कळत नाही. प्रथम माणसाचा आवाज ऐकावा. लताबाईंचे किंवा भीमसेनांचे एखादे गाणे आयुष्यभर ऐकलेले असते. त्यांचा आवाज नाकातून आल्यासारखा वा डब्यातून आल्यासारखा वाटला तर कानास लगेच कळते. मग एकेक स्पीकर स्वतंत्र वाजवून पाहावा. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण फिरवताना खरखर होते काय ते पाहावे. झाली तर ते बहुधा धुळीचे काम असते, फार भिण्याचे कारण नाही. मल्टिमीटर असेल तर ८ ओहमच्या स्पीकरचा रोध साधारणपणे साडेपाच ते सात ओहमच्या दरम्यान दाखविला जावा. सरतेशेवटी संपूर्ण संच मध्यम आवाजावर तासभर चालवावा. पुष्कळ दोष यंत्र तापल्यावरच बाहेर पडतात.

परदेशी नातलगांनी आणलेली यंत्रे आपल्याकडे पुष्कळ फिरतात. त्यांच्या पाठीवरील वीजदाबाचा आकडा अवश्य वाचावा. अमेरिकेत १२० व जपानात १०० व्होल्टची वीज असते. आपली २३० व्होल्टची. ते यंत्र तसेच जोडले तर क्षणात जळते आणि वीजदाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याचा खर्च खरेदीत धरला पाहिजे.

हिशेब

आता आकडे मांडू. पुढील किमती केवळ उदाहरणादाखल धरल्या आहेत. बाजारात त्या कमी-अधिक असतील, परंतु रीत तीच राहील.

सर्व नवे घेतले तर: रिसीव्हर ६०,००० रुपये, समोरचे दोन स्पीकर ५०,०००, मधला २०,०००, मागील दोन २०,००० आणि सबवूफर ३०,०००, एकूण १,८०,००० रुपये.

सर्व वापरलेले घेतले तर: रिसीव्हर १८,०००, पाचही स्पीकर ३६,००० आणि सबवूफर १०,०००, एकूण ६४,००० रुपये. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रिसीव्हर व सबवूफर निकामी होऊन नवे घ्यावे लागले तर आणखी ९०,००० जातात आणि बेरीज १,५४,००० होते.

मिश्र खरेदी केली तर: नवा रिसीव्हर ६०,०००, वापरलेले पाच स्पीकर ३६,०००, नवा सबवूफर ३०,००० आणि तपासणी व कडा बदलण्यासाठी ६,०००, एकूण १,३२,००० रुपये. सर्व नव्याच्या तुलनेत ४८,००० वाचले आणि ज्या भागांत धोका आहे ते दोन्ही हमीचे आले.

या वाचलेल्या रकमेतून सात-आठ हजार रुपये एका अशा वस्तूवर खर्च करावेत, की जिचा सुरतेत तोटा नाही. आजच्या दिवाणखान्यांत खाली गुळगुळीत लादी आणि समोर मोठी काच असते. शब्द भिंतीवर आदळून परत येतो आणि संवाद अस्पष्ट होतात. अशा खोलीत महागडा संचही ओरडतो. खिडकीवर जाड कापडाचा, भरपूर चुण्यांचा पडदा आणि जमिनीवर एक सतरंजी घातली म्हणजे आवाज एकदम शांत व स्पष्ट होतो. ज्या गावच्या मागांवर निम्म्या देशासाठी कापड विणले जाते, त्या गावच्या माणसाने पडद्यावाचून राहावे हे बरे नव्हे.

कायदा, कर आणि अस्तेय

इथवर पैशाचा विचार झाला. परंतु आपण केवळ गिऱ्हाईक नव्हे, श्रावकही आहोत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अस्तेय व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, ते वाचले म्हणजे ते जणू आजच्या बाजाराकडे पाहून सांगितले असावेत असे वाटते. चोरीस उत्तेजन देणे व चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यापार करणे, मापांत लबाडी करणे आणि नकली वस्तू असली म्हणून खपविणे, यांतील एकही दोष या व्यापारात नाही असे नाही.

चोरीचा माल हा पहिला धोका. ज्याच्यापाशी मालकी नाही त्याच्याकडून मालकी मिळत नाही, असे १९३० चा मालविक्री कायदा सांगतो. आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणून मूळ बिल मागावे आणि यंत्राच्या पाठीवरील क्रमांक बिलाशी पडताळून पाहावा. क्रमांक खरवडलेला असेल तर भाव न विचारता उठून यावे. मुंबईत मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात जुने स्पीकर हौसेने धुंडाळणारे पुष्कळ आहेत आणि तेथे प्रामाणिक दुकानदारही आहेत. परंतु बाजाराचे नाव कोणतेही असो, कागद मागण्याचा आपला धर्म बदलत नाही. पाश्चात्त्य देशांत एक जुनी फसवणूक चालते. गाडीवाला सांगतो, ‘वखारीतून चुकून दोन नग अधिक चढले, ते स्वस्तात घ्या.’ माल निघतो कवडीमोलाचा. परंतु इथे फसणारा आधी स्वतः वखारवाल्यास फसविण्यास राजी झालेला असतो, हे विसरू नये.

दुसरा दोष कर चुकविण्याचा. आयातकर न भरता आलेला माल स्वस्त दिसतो. त्याला येथे हमी नसते आणि तो राज्याच्या नियमांविरुद्धचा व्यापार होतो. घरासाठी घेतलेल्या संचाचे बिल पेढीच्या नावे करून त्यावरील कराची वजावट घेण्याचा मोह काहींना होतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या १७(५) कलमाप्रमाणे खाजगी उपभोगाच्या वस्तूंवर अशी वजावट मिळत नाही. वापरलेल्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास मात्र, त्याने खरेदीवरील वजावट घेतलेली नसेल तर, नियम ३२(५) अन्वये केवळ खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरण्याची सवलत आहे. म्हणून अशा दुकानातून पक्के बिल घेणे फारसे महाग पडत नाही. आणि काही बिघडले तर ग्राहक म्हणून दाद मागण्यास तोच कागद उपयोगी पडतो. खाजगी गृहस्थाकडून घेताना ही सोय जवळजवळ नसते. तेथे डोळे व कान हीच हमी.

तिसरा दोष खोट्या मापांचा. १९९० नंतर तळहाताएवढ्या डब्यांवर ‘हजार वॅट पीएमपीओ’ असे छापण्याची साथ आली होती. तो क्षणिक व कल्पित आकडा होय. खरे माप आरएमएस नावाने देतात, तेवढेच वाचावे. जो व्यापारी ४० किलोचे पोते ५० म्हणून विकीत नाही, त्याने असे पोते विकतही घेऊ नये. आणि नामवंत नावातील एखादे अक्षर फिरवून केलेली नकल ओळखू येत असता केवळ पाहुण्यांस दाखविण्यासाठी घरात ठेवणे, हे त्याच दोषाचे दुसरे रूप आहे.

विकणाऱ्याची बाजू

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वापरलेला माल बाजारात येतो तो नेहमीच हौस फिटली म्हणून येतो असे नाही. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा सुरतेतील हिऱ्यांच्या कित्येक कारखान्यांची दारे दिवाळीनंतर उघडली नाहीत. २०२३ पासून पुन्हा त्या धंद्यावर तशीच छाया पडली. अशा दिवसांत घरातून प्रथम बाहेर जाते ती चैनीची वस्तू. ज्या माणसाने मुलाच्या वाढदिवसासाठी संच घेतला, तो तीन वर्षांनी निम्म्या किमतीस तो विकावयास काढतो आणि गिऱ्हाईक समोर बसून आणखी पाच हजार, आणखी दोन हजार असे पाडत राहते. विकणारा ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

भाव करणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे आणि आम्ही तो आयुष्यभर बजावीत आलो आहोत. परंतु भरल्या गोदामाशी भाव करणे निराळे आणि रिकाम्या होत चाललेल्या घराशी भाव करणे निराळे. अशा घरी गेल्यास वस्तूची तपासणी कसून करावी, दोष असतील ते स्पष्ट सांगावेत, वाजवी किंमत एकदाच बोलावी आणि ती रोख देऊन उठावे. तपासणीत कसर ठेवणे ही दया नव्हे आणि अडचणीचा भाव पाडणे हा व्यवहार नव्हे. उद्या बाजार फिरला म्हणजे तोच माणूस आपल्या पेढीवर गिऱ्हाईक म्हणून येईल. आणि न आला तरी आपल्या घरात वाजणाऱ्या स्तवनात कोणाचा निःश्वास मिसळलेला नसेल.

ज्यांच्या घरी चालू स्थितीतला जुना संच पडून आहे, त्यांनीही तो माळ्यावर कुजू देऊ नये. पाच वर्षे माळ्यावर पडलेला स्पीकर कोणाच्याच कामाचा राहत नाही. तो गरजूस वाजवी भावाने वा देणगीदाखल द्यावा. त्यात परिग्रहही कमी होतो आणि एक नवी वस्तू घडविण्याचा आरंभ-समारंभही टळतो. निकामी झालेला नग मात्र भंगारवाल्याकडे तार जाळण्यासाठी न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

सारांश असा: स्पीकर वापरलेले घेण्यास हरकत नाही, मात्र ते पारखून घ्यावेत, रिसीव्हर व सबवूफर नवे, बिलाने व हमीने घ्यावेत, एकाच खोक्यातील जुना संच व जुना साउंडबार टाळावा, खोलीला पडदा अवश्य करावा. घेण्यापूर्वी आपल्या घरी खरोखर कोण, किती वेळ व काय ऐकणार आहे हेही कुटुंबात बसून एकदा ठरवावे. दोन चांगल्या स्पीकरांवर भागत असेल तर पाचांची गरज नाही; परिग्रहाचे परिमाण ठरविणे हा या खरेदीचाही पहिला हिशेब आहे. आणि रात्री दहानंतर आवाज आपल्याच भिंतींच्या आत राहील एवढे पाहावे. तसा सरकारी नियम आहेच, शेजारधर्मही आहे.

सभासद बंधुभगिनींच्या घरी मधुर स्वर नांदोत, ही सदिच्छा. जय जिनेंद्र.